दहिसरच्या परसात पेव्हर बसवताना

काम लहानसंच होतं. दहिसर पश्चिमेच्या एका बैठ्या घराचं मागचं अंगण, घराच्या भिंतीलगत १६ फूट लांब आणि तिथून कुंपणापर्यंत १२ फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. जुनी शहाबादी फरशी ठिकठिकाणी उचकटली होती, सांध्यांतून गवत वर आलं होतं, आणि पावसाळ्यात दोन जागी घोट्याएवढं पाणी तुंबायचं. घरच्यांना स्टॅम्प काँक्रीट हवं होतं: ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून उठवलेला दगडी फरशीचा ठसा, तपकिरी रंग, वर सीलरची, म्हणजे पारदर्शक लेपाची, चमक. दुसरा पर्याय पेव्हर ब्लॉकचा, पण त्याच्या बाजूने कोणी नव्हतं. मुंबईकराला पेव्हर म्हटलं की पाय ठेवताच डुगडुगणारा आणि पायजम्यावर गढूळ पिचकारी मारणारा फूटपाथ आठवतो, त्यात नवल नाही. तरीही शेवटी पेव्हरच बसवले.

निर्णय वरून दिसणाऱ्या गोष्टींवर झाला नाही. तो खाली काय आहे त्यावर झाला.

दरपत्रकं मागवण्याआधी दोन फूट खोल दोन खड्डे घेतले, एक घराच्या भिंतीजवळ आणि एक कुंपणाजवळ. तासाभराचं काम, पण ते न करता घेतलेला निर्णय म्हणजे जुगार. भिंतीजवळ नऊ इंच चांगला मुरूम लागला. कुंपणाजवळ मात्र दीड फूट नुसतं राबिट निघालं, विटांचे तुकडे, जुनं प्लास्टर, फुटक्या टाइल्स. त्याखाली काळी चिकण माती, मुठीत दाबली की वडी होणारी. खाडीकडच्या पश्चिम उपनगरांत अशी भरणी नवी नाही. अडचण अशी की, एका टोकाला घट्ट जमीन आणि दुसऱ्या टोकाला खचणारी भरणी असली की वरचा चार इंची स्लॅब दोन-तीन पावसाळ्यांत भरणीवर अधांतरी राहतो आणि जमीन बदलते नेमक्या त्या रेषेवर तडकतो. आत जाळी टाकली तरी तडा जातोच, जाळी फक्त तो फाकू देत नाही. साध्या काँक्रीटवर असा तडा सिमेंट भरून झाकता येतो. रंगीत ठशाच्या काँक्रीटवर भरलेला पट्टा कायमचा दिसतो, कारण नव्या मिश्रणाचा रंग जुन्याशी जुळत नाही. पेव्हरही खचतात, पण तिथले वीस-पंचवीस ब्लॉक उचलायचे, खाली वाळू भरायची आणि तेच ब्लॉक परत बसवायचे. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसरं कारण पाइपांचं. या अंगणाखालून सांडपाण्याची लाइन, दोन चेंबर, टाकीकडे जाणारा पाण्याचा पाइप आणि कडेने गॅसचा पाइप जात होता. यातलं काहीतरी पुढच्या दहा वर्षांत उकरावं लागणार हे उघड आहे. स्लॅब एकदा फोडला की संपलं.

तिसरं कारण गल्लीचं. चार इंच जाडीने या अंगणाला ६४ घनफूट, म्हणजे १.८ घनमीटर काँक्रीट लागलं असतं. रेडीमिक्सचा साधा ट्रान्झिट मिक्सर सहा घनमीटरचा असतो. अर्ध्याहून कमी गाडी मागवली तर न घेतलेल्या मालाचाही आकार बहुतेक प्लांट लावतात, आणि ही गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडली असती. राहिला एका पोत्याचा मिक्सर: साधारण पंधरा पोती सिमेंट, पंधरा घाणे, दोन तास. प्रत्येक घाण्यात पाणी थोडं कमी-जास्त होतं आणि तेवढ्याने रंगाची छटा बदलते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात शेवटचा घाणा पडेपर्यंत पहिला घाणा साचा उमटू न देण्याइतका घट्ट झालेला असतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात ठसा खोल आणि दुसऱ्यात नुसता ओरखडा, अशी लहान कामं बिघडतात ती बहुतेक यामुळेच.

स्टॅम्प काँक्रीट मुळात वाईट नाही. जिथे खाली खडक किंवा कडक मुरूम आहे, गाडी दारापर्यंत येते आणि पाइप कडेने फिरवलेले आहेत, तिथे आम्ही तेच सुचवलं असतं. गवत नाही, मुंग्या नाहीत, खुर्चीचा पाय अडकत नाही, झाडू सरळ फिरतो. तिथे पाळायच्या गोष्टी मात्र ठरलेल्या आहेत. काँक्रीट एम २५ ताकदीचं, जाडी १०० मिमी, ८ मिमी सळईची जाळी २०० मिमी अंतराने, आणि ती जाळी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर, उचललेली. मातीवर आडवी पडलेली जाळी असून नसल्यासारखी. घराच्या भिंतीपासून स्लॅब वेगळा ठेवायला १२ मिमी फिलर बोर्ड. ओल्या काँक्रीटच्या वर आलेलं पाणी पूर्ण सुकल्यावरच कलर हार्डनर, म्हणजे रंगीत सिमेंटी पूड, भुरभुरायचा, दोन खेपांत, दर चौरस मीटरला तीन ते पाच किलो. पाणी असताना टाकला तर वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. अंगठा दाबल्यावर पाव इंचाची खळी पडते पण काँक्रीट बोटाला चिकटत नाही, ती साचे दाबायची वेळ. ती अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते, म्हणून साचे किमान पाच-सहा आणि माणसं चार हवीत. स्लॅबला सांधा २५ मिमी खोल आणि आठ फुटांवर, आणि उन्हाळ्यात तो त्याच संध्याकाळी कापायचा. दुसऱ्या दिवशी कटर आणला तर काँक्रीटने स्वतःचा सांधा, म्हणजे तडा, स्वतःच पाडलेला असतो.

सीलरबद्दल एक सांगायलाच हवं. काँक्रीटमधली ओल जाण्याआधी, साधारण २८ दिवसांच्या आत, अॅक्रिलिक सीलर मारला की तो खालून पांढुरका पडतो. मेअखेरीस घातलेलं काँक्रीट म्हणजे सीलर ऐन पावसात. मुंबईत हे काम मार्चमध्ये झालं नाही तर सरळ दिवाळीनंतर करावं. आणि सीलरमध्ये बारीक घसरणरोधक पावडर घातल्याशिवाय तो लावूच नये. चकचकीत सीलर, वर जुलैचं शेवाळ आणि पायात रबरी चप्पल, याचं पुढचं सांगायची गरज नाही. दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा मारावा लागतो हेही आधीच हिशेबात धरायचं.

पेव्हर ठरल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेले होते, नंतरच्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल निचऱ्याच्या आराखड्यात ते ताशी ५० मिमी धरले गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्या हिशेबाने कोणाचंच अंगण बांधता येत नाही. ५० मिमी धरला तरी या १९२ चौरस फुटांवर तासाला ८९० लिटर पाणी येतं, पत्र्यावरून ओघळणारं वेगळं. पेव्हरच्या सांध्यांतून पाणी जिरतं म्हणून ढाळ लागत नाही, असं दुकानदार सांगतात. खाली चिकण माती असताना ते जिरून जाणार कुठे? ढाळ लागतोच. इथे दर सहा फुटांना एक इंच, म्हणजे घरापासून कुंपणापर्यंत दोन इंच उतार धरला. कुंपणालगत चार इंच रुंदीची जाळीची पन्हळ घेतली आणि ती पर्जन्यजलाच्या गटाराला जोडली. पन्हळ जवळच्या सांडपाण्याच्या चेंबरला जोडली तर प्लंबरचा पाइप वाचतो, पण मुंबईत दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत, आणि भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की तोच चेंबर अंगणात उलटा वाहतो.

सांध्यांतून थोडं का होईना पाणी खाली उतरतंच, म्हणून घराच्या भिंतीलगत दोन फूट रुंदीचा पट्टा साध्या काँक्रीटचा ठेवला आणि त्यावर ओल्यातच झाडूच्या रेघा ओढल्या. जोत्याशी पाणी मुरू नये हा एक हेतू, आणि भांडी-कपड्यांना कडक जागा मिळाली हा दुसरा. पट्ट्याला ०.३ घनमीटर काँक्रीट लागलं, म्हणजे अडीच पोती सिमेंट. तयार अंगणाची पातळी जोत्यापेक्षा सहा इंच खाली ठेवली. यात तडजोड केली की भिंतीला आतून ओल चढते.

उरलं १६ बाय १० फूट, १६० चौरस फूट, जवळजवळ १४.९ चौरस मीटर. २०० बाय १०० मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला ५० बसतात, म्हणजे ७४५. कापाकापी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी सात टक्के धरून ८०० मागवले. पुढच्या दुरुस्तीचे दहा-पंधरा ब्लॉक घरात ठेवावेतच, वर्षाने त्याच रंगाचा घाणा मिळत नाही. ६० मिमी जाडीचा एक ब्लॉक पावणेतीन किलोचा, म्हणजे एकूण वजन २,२०० किलो, छोटा हत्तीच्या तीन खेपा. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आयएस १५६५८. त्यात पायवाट किंवा अंगणासारख्या जागेला ५० मिमी आणि एम ३० पुरतं. आम्ही हलक्या वाहतुकीचा ६० मिमी, एम ३५ घेतला, कारण पातळ ब्लॉक कोपऱ्यात लवकर फुटतो आणि भावात फार फरक पडत नाही.

दुकानात दोन प्रकार दिसतात. रबरी साच्यात ओतलेला ब्लॉक वरून आरशासारखा गुळगुळीत असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. मशीनवर दाबून काढलेला ब्लॉक खरखरीत, दिसायला रूक्ष. उघड्या अंगणाला दुसराच घ्यावा. पहिला पावसात साबणासारखा होतो, आणि हाताने भरलेला असल्यामुळे त्याची जाडीही एकसारखी नसते. पट्टी घेऊन थप्पीतले कुठलेही दहा ब्लॉक मोजावेत. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज म्हणजे सिमेंट कमी किंवा ब्लॉक कच्चा. एक फोडून बघावा: आतली खडी मधूनच तुटली पाहिजे, सिमेंटमधून सुटून आली नाही पाहिजे. पाणी शोषण सहा टक्क्यांच्या आत असावं लागतं. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत सुकवतात, पण दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून वजन केलं आणि २४ तास बुडवून, पुसून पुन्हा केलं तरी अंदाज येतो. पावणेतीन किलोचा ब्लॉक १६५ ग्रॅमहून अधिक वाढला तर तो माल घेऊ नये. एका दुकानातला ब्लॉक २६० ग्रॅमने वाढला होता. रंगांत लाल, पिवळा आणि काळा हे लोहाच्या ऑक्साइडचे, ते टिकतात. हिरव्या-निळ्याच्या नादी लागू नये.

खोदाईचा हिशेब वरून खाली करायचा: ६० मिमी ब्लॉक, ३० मिमी दबलेली वाळू, १५० मिमी दबलेली खडी, म्हणजे तयार पातळीपासून साडेनऊ इंच. कुंपणाकडच्या भागात राबिट आणखी सहा इंच काढून तिथे मुरूम भरून दाबला. निघालेलं राबिट खाडीकडेला ओतून देणारे टेम्पोवाले सहज मिळतात, त्यांच्या नादी न लागता महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सोयीचा उपयोग करावा. खोदलेल्या तळावर नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल कापड पसरलं, सांध्याला एक फूट एकावर एक घेऊन. हे कापड नसलं की पावसात चिकण माती खडीत वर चढते आणि खडी मातीत रुतते. अंगणं मधोमध बशीसारखी होतात त्याचं हे कारण.

खडीला दबून ८० घनफूट हवी होती, सैल माल एक ब्रास लागला. (ज्यांचा या मापाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.) इथे मिस्त्री ४० मिमीची मोठी खडी टाकून मोकळे होतात आणि काम तिथेच फसतं. मोठ्या खडीच्या फटींतून वरची वाळू पावसागणिक खाली गळते, आणि ब्लॉक एकेक करून बसत जातात. खडी लहान-मोठी मिसळलेली हवी, २० मिमी, १० मिमी आणि ग्रिट (बारीक कच), मग फटी बुजतात. ती ७५ मिमीच्या दोन थरांत, किंचित पाणी शिंपडून, भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे थरथरत्या प्लेटच्या दाबयंत्राने, प्रत्येकी चार फेऱ्या मारून दाबली. धुमसाने ठोकून तेवढा दाब येत नाही. टाच जोरात मारून खूण उमटली नाही तरच पुढे जायचं.

ढाळ खडीलाच द्यायचा, हे मिस्त्रीला तीनदा सांगावं लागलं. त्याचं म्हणणं, ‘साहेब, खडी सरळ राहू द्या, उतार वाळूत काढतो.’ मग एका टोकाला वाळू एक इंच आणि दुसऱ्या टोकाला तीन इंच होते. जाड वाळू जास्त बसते, आणि उतार उलटा होतो. पाण्याच्या नळीने पातळी घेऊन दर तीन फुटांवर खुंटी ठोकली आणि दोरीखाली खडी तपासली.

वाळू पसरण्याआधी कडा झाली. तीन बाजूंना, ३६ फूट, कर्ब स्टोन काँक्रीटमध्ये बसवले आणि बाहेरच्या अंगाने काँक्रीटचं टेकण दिलं. पेव्हरला एकमेकांत घट्ट धरून ठेवते ती ही कडा. कडा सरकली की सांधे फाकतात, सांधे फाकले की वाळू जाते, आणि मग फूटपाथसारखी डुगडुग सुरू होते. कडेचं काँक्रीट आठ इंच खाली नेलं, त्याचं एक कारण घुशी. भुसभुशीत वाळू त्यांना फार आवडते, आणि कुंपणाखालून येऊन त्या एका रात्रीत टोपलीभर वाळू उपसतात.

वाळूच्या बाबतीत एक खेप परत पाठवावी लागली. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, सांगितली होती, आली स्टोन डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी. मुठीत धरून सोडली की हाताला राखाडी पीठ चिकटतं, त्यावरून ओळखू येते. डस्ट पाणी धरून ठेवते, ब्लॉकखाली चिखल होतो आणि पाऊल पडलं की तो सांध्यांतून वर उडतो. ती पायजम्यावरची पिचकारी हीच. वाळू जाडसर, धुतलेली, ४.७५ मिमीच्या चाळणीतून पडणारी हवी. एकवीस घनफूट पुरली. दीड इंची दोन चौकोनी पाइप खडीवर ठेवून त्यांवरून अॅल्युमिनियमचा पाटा ओढला, पाइप काढून त्यांची खाच भरली, आणि पसरलेल्या वाळूवर कोणालाही पाय ठेवू दिला नाही. पायाचा ठसा वरून भरला तरी तिथली वाळू जास्त दबलेली राहते आणि पुढे तिथेच उंचवटा दिसतो.

ब्लॉक काँक्रीटच्या पट्ट्याकडून लावायला घेतले, गुण्या (काटकोन) लावून, ९० अंशांच्या हेरिंगबोन ठेवणीत. ही माशाच्या काट्यासारखी ठेवण कापायला थोडी जास्त लागते, पण कुठल्याही दिशेला सरकत नाही. सांधा दोन ते तीन मिमी. एकाच थप्पीतले ब्लॉक ओळीने लावले की रंगाचे पट्टे पडतात, म्हणून तीन थप्प्यांतून आळीपाळीने घेतले. ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान तुकडा कडेला येऊ दिला नाही, तो पहिल्या पावसात सुटतो. चेंबरवर ताटासारखी खोलगट झाकणं बसवून त्यांत पेव्हरच घातले, आणि चेंबरची चौकट भोवतीच्या ब्लॉकपेक्षा पाच मिमी खाली ठेवली. एका चौकटीत हा हिशेब चुकला. ब्लॉक दाबायच्या आधी आठ-दहा मिमी उंच असतात, ते लक्षात न घेता चौकट त्यांच्याच पातळीला बसवली गेली, आणि कॉम्पॅक्टर फिरल्यावर ती ठेच लागेल इतकी वर राहिली. चौकट काढून पुन्हा बसवण्यात एक सकाळ गेली.

दाबताना प्लेटखाली रबरी चटई लावली, नाहीतर ब्लॉकच्या कडा टवकतात. पहिल्या दोन फेऱ्या सांधे रिकामे ठेवून, मग सांध्यांत बारीक, कोरडी, २.३६ मिमीच्या चाळणीची वाळू झाडूने सारत पुन्हा दोन. एकूण साठ किलो वाळू लागली. ती ओली असेल तर वरच्या वर अडकते आणि खाली पोकळी राहते, म्हणून ताडपत्रीवर पसरून दिवसभर वाळवली होती.

याच टप्प्यावर मिस्त्री सिमेंटचा घोळ सांध्यांत ओतायला सुचवतात, ‘म्हणजे हलणार नाही’. हे अजिबात करू देऊ नये. सिमेंटने भरलेले सांधे पहिल्या हालचालीत तडकतात आणि वाळू वाहून जायला वाट मोकळी होते. वर ब्लॉकवर चढलेला राखाडी थर ॲसिडनेही नीट निघत नाही, आणि पुढे ब्लॉक उचलायचा तर फोडूनच काढावा लागतो. मग पेव्हर घेऊन उपयोग काय?

सगळं काम तीन माणसांत सहा दिवसांचं झालं, पट्ट्याचं काँक्रीट आधीच घालून त्याला दहा दिवस पाणी मारलं ते वेगळं. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी पंधरा दिवस तरी अंगण वापरात यावं, म्हणजे सांध्यांतली वाळू पायांखाली बसते.

जूनअखेरीस पहिल्या मोठ्या पावसानंतर सांधे दहा-बारा मिमी खाली गेले. हे व्हायचंच असतं. उघडीप मिळाल्यावर पंधरा किलो वाळू पुन्हा सारली. पत्र्याचं पाणी एका ठिकाणी धारेने पडत होतं, तिथले सांधे मात्र तळापर्यंत धुतले गेले होते. तिथे नवी वाळू भरून भागलं नसतं, म्हणून पत्र्याला पन्हळ लावून तिचा पाइप थेट जाळीवर सोडला. काही ब्लॉकवर पांढरा क्षार फुटला, तो सिमेंटमधल्या चुन्याचा, एक-दोन पावसाळ्यांत आपोआप जातो. ॲसिडने घासला तर त्याच्याबरोबर रंगही जातो. शेवाळ ऑगस्टमध्ये सावलीच्या कोपऱ्यात धरलं. ते कडक ब्रशने कोरडं खरवडून काढायचं, प्रेशर वॉशरचा फवारा सांध्यावर सरळ मारायचा नाही, आडवा आणि एक फुटावरून. मुंग्यांनी वाळूच्या ढिगोळ्या काढल्या तर त्या झाडून टाकायच्या नाहीत, त्याच सांध्यात परत लोटायच्या.

कुंपणाकडचा भरणीचा भाग दुसऱ्या पावसाळ्यानंतर साधारण अर्धा इंच बसला, पन्हळीपासून दोन फुटांच्या पट्ट्यात. चाळीस ब्लॉक दोन स्क्रू ड्रायव्हरनी उचकटून काढले, खाली दोन घमेली वाळू घालून पाटा ओढला आणि तेच ब्लॉक त्याच जागी बसवले. एक माणूस, तीन तास.